ऑरिन टॅकेटचा खालचा ओठ

ऑरिन टॅकेट आमच्या टॅनर्सबर्गला आला तो एका जुन्या हिरव्या पिकअपमधून. मागे दोन बॅगा, मासे पकडायचा गळ आणि ग्लोव्हनी भरलेली बादली. पुढे छातीपर्यंत रुळणारी लाल दाढी. मार्लीन कोव्हॅकनं दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "माझ्या बेसिनमध्ये एक जरी केस दिसला, तर तुझी खोली गॅरेजमध्ये."

"बरं, मिस मार्लीन," ऑरिन म्हणाला. केंटकीच्या डोंगरातली माणसं वयानं मोठ्या बायकांशी अशीच बोलतात.

मार्लीन माझी शेजारीण. सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात गेली. आमच्या बेसबॉल संघाचे, म्हणजे हेरॉन्सचे, खेळाडू उन्हाळाभर गावातल्या लोकांच्या घरीच राहतात. क्लबला त्यांची सोय परवडत नाही आणि लोकांना घरात कुणीतरी हवं असतं. मार्लीनकडे दर वर्षी एक असतोच. बसमधल्या मुलांना हाक मारायची तशी ती खेळाडूंनाही आडनावानंच बोलावते. पण आजवर तिच्याकडे आलेले सगळे विशीतले होते आणि ऑरिन चौतिशीचा. "या वर्षी मला खेळाडू नाही, भाडेकरू पाठवलाय," ती कुंपणावरून मला म्हणाली.

ऑरिन डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. शाळेतून बाहेर पडल्या पडल्या एका मोठ्या क्लबनं त्याला उचललं. सही केल्याचे जे पैसे मिळाले त्यातून आईचे दात करून घेतले आणि उरलेल्यांतून ही पिकअप घेतली. मग खालच्या लीगमधून गावोगाव: माँटाना, जॉर्जिया, आयोवा, एक हिवाळा मेक्सिकोत. मध्ये डाव्या कोपरातला स्नायुबंध फाटला. डॉक्टरांनी उजव्या मनगटातला काढून तिथं बसवला. वर्षभर तो घरी बसला आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढला. सगळ्यांत वरच्या लीगमध्ये तो एकदाही खेळला नाही. फक्त एकदा, आयोवात असताना, वरून बोलावणं आलं. कुणाची तरी पाठ धरली होती. ऑरिन विमानतळाच्या वाटेवर असताना पुन्हा फोन आला की पाठ सुटली, तू परत जा.

हे तो हसतच सांगायचा. "इतकी झटपट बरी झालेली पाठ मी पाहिली नाही. चर्चमध्ये उभं राहून या चमत्काराची साक्ष द्यायला हवी होती मी."

आमची लीग मोठ्या क्लबांच्या शिडीवर कुठंच नाही. शिडीवरून घसरलेली माणसं जिथं येऊन टेकतात, तिथं ती आहे. ऑरिनची बायको टेस केंटकीत दातांच्या दवाखान्यात काम करते. तिच्या वडिलांचा घरोघरी फरश्या बसवायचा धंदा आहे आणि ते दर हिवाळ्यात जावयाला विचारायचे, "अजून चेंडूच फेकतोयस का रे?" या खेपेला टेसनं आणि ऑरिननं मिळून ठरवलं होतं की जोवर कुणी टाकू देतंय तोवर टाकायचं. ज्या दिवशी एखादा संघ म्हणेल की बस झालं, त्या दिवशी फरश्या. नवा संघ शोधायचा नाही.

म्हणून टॅनर्सबर्ग हा त्याचा शेवटचा संघ होता. किती दिवस, एवढंच ठरायचं होतं.

त्याचा फास्टबॉल फारसा फास्ट नव्हता, हे तो स्वतःच सांगायचा. त्याचं पोट चालायचं ते हळू चेंडूवर. हाताचा झटका फास्टबॉलचाच, पण चेंडू तळहातात खोल दाबलेला. त्यामुळे तो समोर पोचेपर्यंत दमून जातो. बॅटर बॅट फिरवून मोकळा होतो आणि चेंडू मागून सावकाश येतो. पाहायला फार मजा येते. मात्र दोघांतला कोणता येणार, हे बॅटरला आधी कळता कामा नये. कळलं की तोच हळू चेंडू म्हणजे ताटात वाढून दिलेला घास.

मे महिन्यात हंगामाचा पहिला सामना झाला. त्या दिवशी अग्निशमन दलासाठी देणग्या गोळा करायच्या होत्या, आणि क्लबला काहीतरी गंमत हवी होती. ऑरिन आपण होऊन म्हणाला, "माझी दाढी घ्या की." सामना सुरू व्हायच्या आधी, मैदानाच्या मधोमध, गावच्या न्हाव्यानं खुर्ची मांडून सगळ्यांसमोर त्याची दाढीमिशी उतरवली. लोक उभे राहून ओरडत होते. आत इतका कोवळा चेहरा असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"अरे देवा," मार्लीन माझ्या शेजारी बसून म्हणाली, "हा तर सहावीतला निघाला."

सुरुवातीचे आठवडे झकास गेले. मग जून अर्ध्यावर आला आणि ऑरिनला मार बसायला लागला. साधासुधा नाही. मिल्सटन सिटीच्या संघानं त्याला असं झोडपलं की चेंडू कुंपणापलीकडच्या टायरच्या दुकानाच्या छपरावर वाजत राहिले. पुढचा संघ आला, त्यांनीही तेच केलं. त्याच्या पुढच्यांनीही. आणि मार खायचा तो फक्त हळू चेंडू. बॅटर त्याची वाट पाहत उभे राहायचे, बसस्टॉपवर उभं राहावं तसे.

"वय झालं त्याचं," आमच्या रांगेतले लोक म्हणायला लागले. ऑरिनलाही तसंच वाटू लागलं होतं. तो खांद्याला बर्फ बांधून मार्लीनच्या ओसरीवर बसायचा आणि हात वर-खाली करून पाहायचा, जणू हात कुणा दुसऱ्याचा आहे.

जुलैत एका बुधवारी संघाच्या मॅनेजरनं त्याला कुंपणापाशी बोलावलं. गस लिंडक्विस्ट त्याचं नाव, पण खेळाडू मॅनेजरला 'स्किप'च म्हणतात. स्किप बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, गवताकडे बघतो.

"रविवारी दुपारी तू टाकतोयस," स्किप म्हणाला. "मिल्सटन सिटी."

"हं."

"सोमवारी टेक्सासहून एक पिचर येतोय. बावीस वर्षांचा. माझ्याकडे जागा एकच आहे, ऑरिन."

"म्हणजे रविवारी मार खाल्ला तर—"

"मला बोलायला लावू नकोस रे."

ऑरिननं घरी येऊन टेसला फोन केला. टेस म्हणाली, ठीक आहे, ठरल्याप्रमाणे. सासऱ्यांनीही कळवलं की पुढच्या आठवड्यापासून माणूस हवाच आहे. ऑरिननं एक बॅग भरायला घेतली.

आता पत्त्यांचं सांगायला हवं. मार्लीनला युकर खेळायचं वेड आहे. आमच्या भागात ज्याला युकर येत नाही त्याला लोक आजारी समजतात. या खेळात सगळ्यांत मोठा एक्का नसतो, हुकमाचा गुलाम असतो. रविवार सोडला तर सामने संध्याकाळी असल्यामुळे खेळाडू दुपारपर्यंत रिकामेच असतात. जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर मार्लीन आणि ऑरिन बसायचे. हरेल त्यानं भांडी घासायची. गेले कित्येक आठवडे सिंकपाशी ऑरिनच दिसत होता.

त्या गुरुवारी मी माझ्या वाफ्यातली मक्याची कणसं द्यायला गेलो होतो. डाव रंगात होता. हुकूम बदामचा. मार्लीननं ऑरिनकडे एक नजर टाकली आणि आपली पानं टेबलावर पालथी टाकली.

"नाही खेळत मी. गुलाम तुझ्याकडे आहे."

ऑरिननं पान उलटून दाखवलं. बदाम गुलाम. "तुम्हाला दर वेळी कसं कळतं हो, मिस मार्लीन?"

"कळतं."

"पत्त्यांना खुणा केल्यात का?"

"तोंड सांभाळ, टॅकेट. माझ्या आजीचे पत्ते आहेत ते."

"मग सांगा ना."

मार्लीननं थोडा विचार केला. "सोमवारी जाणारच आहेस, तर सांगून टाकते. हातात गुलाम आला की तू खालचा ओठ आत ओढतोस. दात नसलेल्या म्हाताऱ्यासारखा. हनुवटीला ही एवढी सुरकुती पडते. आंधळ्यालाही दिसेल."

ऑरिन हसला. आणि हसता हसता थांबला. त्यानं पत्ते खाली ठेवले, फळांच्या परडीतलं एक संत्रं उचललं आणि बाहेरच्या खोलीतल्या आरशासमोर जाऊन उभा राहिला. संत्रं पोटापाशी दोन्ही हातांत लपवून त्यानं फास्टबॉलची पकड घेतली. चेहरा शांत. मग हळू चेंडूची पकड घेतली, संत्रं तळहातात खोल दाबलं, आणि खालचा ओठ गडप झाला.

त्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा गडप.

"मिस मार्लीन!" तो इतक्या जोरात ओरडला की मांजर फ्रिजवर चढलं. "हे तुम्हाला कधीपासून दिसतंय?"

"तुझी हजामत झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्याआधी सगळं त्या झुडपात होतं. त्याआधी जिंकत होतास की तूही."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"का सांगू? मला जिंकायला आवडतं." मग तिला काहीतरी उमगलं आणि ती खुर्चीवरून अर्धी उठली. "थांब. तू हे तिथंही करतोस? मैदानावर?"

"सगळ्या लीगला ठाऊक आहे वाटतं. फक्त मला आणि तुम्हाला सोडून."

"मला काय माहीत! मी सामन्यात तुझं तोंड बघत नाही, अंपायरला शिव्या देते."

मला तेव्हा लक्षात आलं की हा माणूस फसवण्याच्या बाबतीत अगदीच कच्चा आहे. मनात लबाडी आली की शरीर लगेच चहाडी करतं. इतकी वर्षं दाढीनं ते झाकलं आणि आम्ही गावकऱ्यांनी टाळ्या वाजवत ती दाढी उतरवून घेतली.

ऑरिननं त्याचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला फोन करून बोलावलं. बो टेट. तो दोन गल्ल्या सोडून एका दंतवैद्याकडे राहायचा. बो आला, आरशासमोरचा प्रकार त्यानं पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"बो, तू रोज माझ्या समोर बसतोस. तुला दिसलं नाही?"

"भावा, कोणता चेंडू टाकायचा ते मीच तुला खुणेनं सांगतो. मग मी तुझ्या तोंडात काय शोधू? मी माझ्या हातातल्या मिटकडे बघतो. आणि खरं सांगू, तुझं तोंड बघण्यासारखं नाहीये."

मग उपाय सुरू झाले. दाढी रविवारपर्यंत उगवणं शक्यच नव्हतं. ऑरिन मार्लीनच्या अंगणात उभा राहायचा, बो कुंपणापाशी उकिडवा बसायचा. तोंडात च्युइंगगम ठेवून पाहिला. हळू चेंडूच्या वेळी जबडा थांबायचा, म्हणजे खूण आणखी मोठी. ग्लोव्ह तोंडासमोर धरून पाहिला. हाताची सगळी लय गेली, एक चेंडू माझ्या टोमॅटोंत गेला आणि एक मार्लीनच्या टपाल पेटीवर. चेहरा मुद्दाम कोरा ठेवायचा प्रयत्न केला तर ऑरिन असा दिसायला लागला की बो म्हणाला, "तुला कुणी बंदूक लावलीय का?"

मार्लीन पायरीवर मक्याचं कणीस खात हे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "टॅकेट, तुला ओठ बाहेर ठेवता येत नाही ना? मग कायम आतच ठेव. प्रत्येक चेंडूला तेच तोंड कर."

बोनं तिच्याकडे पाहिलं. ऑरिननं बोच्या तोंडाकडे पाहिलं.

"फास्टबॉललाही?" ऑरिन म्हणाला.

"मी बस चालवायचे तेव्हा मागची मुलं आरशात माझा चेहरा बघून ठरवायची, आज दंगा करायचा की नाही. म्हणून मी रोज चिडलेलंच तोंड ठेवायचे. तुझं लग्न झालंय, तुला जमेल."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार ऑरिन ओठ आत ओढूनच हिंडला. पत्ते खेळताना नव्वीसारखं फालतू पान आलं तरी ओठ आत. पावाबाहेर लोंबणारं टेंडरलॉइन, म्हणजे डुकराचं तळलेलं मांस, खातानासुद्धा मध्येच आठवण व्हायची आणि ओठ आत जायचा. दुकानातल्या मुलीनं मला विचारलं, त्या पिचरला पक्षाघात झाला का?

रविवारी ऊन कडक होतं. मिल्सटन सिटीचे लोक बसमधून उतरले तेच हसत. त्यांचा म्होरक्या क्रूझ ॲरेडोंडो, टेक्सासचा, जाडजूड, ऑरिनच्याच वयाचा. जॉर्जियात असताना दोघं एका खोलीत राहिलेले. यानंच ऑरिनचा ओठ पहिल्यांदा वाचला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

"काय रे म्हाताऱ्या!" क्रूझ कुंपणाजवळून ओरडला. "बॅगा भरल्यास म्हणे!"

"अर्धीच भरलीय," ऑरिन म्हणाला.

"उरलेली मी भरतो आज."

पहिला बॅटर उभा राहिला. ऑरिननं ग्लोव्हमध्ये चेंडू धरला, ओठ आत गेला. बॅटर खुशीत हळू चेंडूची वाट बघत थांबला आणि फास्टबॉल त्याच्या नाकासमोरून सुटला. त्यानं आपल्या लोकांकडे पाहिलं. दुसरा चेंडू, ओठ आत, फास्टबॉल. तिसरा, ओठ आत. आता तो घाईनं तुटून पडला आणि चेंडू मागून हळूहळू आला. बॅट फिरली, टोपी पडली, तो आउट झाला.

मिल्सटन सिटीच्या बाकावर सगळे एकमेकांशी बोलायला लागले. क्रूझ डोक्याला हात लावून उभा होता.

"काय वाचतोस रे क्रूझ?" मार्लीन वरून ओरडली. "चष्मा आण!"

चार इनिंग असंच चाललं. पाचव्यात ऑरिन दमला आणि दमल्यावर विसरला. एका फास्टबॉलला ओठ बाहेरच राहिला. चेहरा कोरा. त्यांच्या एका तरण्या बॅटरला ते बरोबर दिसलं आणि चेंडू टायरच्या दुकानावर जाऊन वाजला. ऑरिननं लगेच ओठ आत ओढला, पण क्रूझच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आलं होतं. ओठ आत, तर काहीही असेल; ओठ बाहेर, तर नक्की फास्टबॉल. आता त्यांना फक्त तो पुन्हा विसरायची वाट पाहायची होती.

सातव्या इनिंगमध्ये आम्ही एका धावेनं पुढे, त्यांचे दोघं आउट, तिसरा झाला की इनिंग संपणार, पण दोन बेसवर त्यांची माणसं धावायला टपलेली, आणि बॅट घेऊन आला क्रूझ. स्किप बाकावरून उठला आणि गवताकडे बघत बघत मैदानात चालू लागला.  मॅनेजर चालत आला की बहुतेक वेळा पिचरच्या हातातून चेंडू काढून घेतो, आणि आज हातातून चेंडू गेला म्हणजे ऑरिनचा धंदाच गेला. बोही मास्क वर करून जवळ आला. तिथं काय बोलणं झालं ते बोनं नंतर सांगितलं.

"हात कसा आहे?" स्किपनं विचारलं.

"हात छान आहे, स्किप. ओठ सोलून निघालाय."

स्किपनं चौदा हंगामांत पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडाकडे नीट पाहिलं. "रक्त येतंय की रे."

"या एकाला टाकू द्या. मग घ्या चेंडू."

"घ्यायला नाही आलो मी. तिकडे बसून छातीत धडधडत होतं, म्हणून चालून आलो." आणि स्किप परत गेला.

क्रूझ पावलांनी माती खरवडत उभा राहिला. "ये रे म्हाताऱ्या, तोंड दाखव!"

पहिला चेंडू ओठ आत ठेवून, फास्ट. क्रूझनं मारला, पण रेषेबाहेर. दुसराही ओठ आत ठेवून, हळू, जरा खाली. त्यानं सोडला. तिसरा पुन्हा बाहेर मारला. असे बाहेर गेलेले फटकेही चुकल्यात धरतात, म्हणजे दोन स्ट्राइक झाल्या; तिसरी झाली की आउट. आता एकच चेंडू चुकायला हवा होता, किंवा एकच लागायला.

बोनं खूण केली. ऑरिन मातीच्या उंचवट्यावर उभा राहिला, ग्लोव्ह पोटापाशी घेतला, आणि आम्ही पाहिलं की त्याचा ओठ बाहेर आहे.

"विसरला!" मार्लीननं माझा दंड धरला. "अरे गाढवा, ओठ!"

क्रूझलाही दिसलं. त्याचे खांदे ताठ झाले. फास्टबॉल येणार, याबद्दल त्याच्या मनात काडीचीही शंका उरली नव्हती. ऑरिनचा चेहरा मात्र साधा, कोरा, दुकानात दूध घ्यायला आलेल्या माणसासारखा. त्यानं हात फिरवला.

क्रूझनं सगळी ताकद लावून बॅट फिरवली. बॅट गेली, क्रूझ स्वतःभोवती फिरला, एक गुडघा मातीत टेकला, आणि मग चेंडू आला. सावकाश, कुणाची काही घाई नसल्यासारखा, बोच्या मिटमध्ये.

क्षणभर काय झालं ते मार्लीनला कळलंच नाही. मग ती बाकावर चढून उभी राहिली. "खोटं बोलला! टॅकेट खोटं बोलला! तोंडावर काही न दाखवता!" एखाद्या आईनं मूल चालायला लागलं म्हणून सांगावं, तशी ती आजूबाजूच्यांना सांगत सुटली.

क्रूझ गुडघा झटकत उठला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"शाळेच्या बसवाल्या बाईनं," ऑरिन म्हणाला.

पुढच्या दोन इनिंग दुसऱ्या पिचरांनी सांभाळल्या आणि आम्ही जिंकलो. लोक गाड्यांकडे निघाले तरी ऑरिन कुंपणापाशीच रेंगाळत होता, ओठावर बर्फ धरून. स्किप आला, गवताकडे बघायला लागला.

"शुक्रवारी तू टाकतोयस."

"आणि टेक्सासवाला?"

"त्याला म्हटलं, दोन आठवड्यांनी ये. घरी आईच्या हातचं खा तोवर." स्किप निघाला आणि पुन्हा वळला. "पुढच्या वर्षीचं मला आत्ता विचारू नकोस."

"मी कुठं विचारलं?"

"विचारणार होतास."

ऑरिन पिकअपच्या मागच्या फळीवर बसला आणि त्यानं टेसला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण ओठावरचा बर्फ मध्ये येत होता. बो आणि मी बाजूलाच उभे होतो.

"शुक्रवारी मी टाकतोय," ऑरिन म्हणाला.

 पलीकडे टेस हसली की रडली ते नीट कळलं नाही, आणि तेवढ्यात कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला.

"जिंकलास?" सासऱ्यांचा घोगरा आवाज.

"हो, जिंकलो."

"गाढवा, तुझ्या भरवशावर मी दोन स्वयंपाकघरांची कामं घेऊन बसलोय! आता माझ्या गुडघ्यांनी करू का?"

"माफ करा."

"माफ नाही करत." मग फोनपासून तोंड फिरवून ते टेसला म्हणताना ऐकू आले, "शुक्रवारी किती वाजता आहे ते विचार त्याला. आणि गाडीत पेट्रोल भर."